मेंढीचं कौतुक करणारा मंत्री आणि आमच्या तान्तीचं डुक्कर

डॅन्यूबकाठी

मंडळी, नमस्कार. बऱ्याच महिन्यांनी लिहितोय. मागे एका धाग्यावर मी रोमानियात राहतो असं म्हटलं होतं, तेव्हा दोघातिघांनी इथल्या शेतीबद्दल आणि राजकारणाबद्दल लिहायला सांगितलं होतं. ते राहूनच गेलं होतं.

मी गलात्सला असतो. डॅन्यूब नदी समुद्राकडे वळते तिथलं हे शहर. इथला पोलाद कारखाना २००१ मध्ये मित्तल समूहाने घेतला, तेव्हापासून भारतीय माणसं इथे येत-जात राहिली. मीही त्याच वाटेने आलो. शेतीशी माझा संबंध आला तो घरमालकांच्या आईमुळे. ती पलीकडच्या ब्रइला जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते. आम्ही तिला 'तान्ती' म्हणतो, म्हणजे मावशी. सुट्टी लागली की आम्ही तिच्याकडे जातो.

आज लिहायचंय ते पेत्रे दाया या माणसाबद्दल. रोमानियाचे दोन वेळचे कृषिमंत्री. त्यांचं नाव काढलं की इथली शहरी माणसं हसतात आणि खेड्यातली गप्प होतात.

जन्म १९४९ चा. नैऋत्येकडच्या मेहेदिंत्स जिल्ह्यातले, शिक्षणाने कृषितज्ज्ञ, पक्ष सोशल डेमोक्रॅट. जानेवारी २०१७ मध्ये सोरिन ग्रिंद्यानूंच्या सरकारात ते मंत्री झाले. पक्षाने सहा महिन्यांत आपल्याच पंतप्रधानावर अविश्वास आणून त्यांना पाडलं. त्यांच्या जागी मिहाय तुदोसे आले, ते जानेवारी २०१८ मध्ये गेले, मग व्हिओरिका दंचिला आल्या. तीन पंतप्रधान झाले, कृषिमंत्री तेच. खरी सूत्रं पक्षाध्यक्ष लिविऊ ड्राग्ना यांच्याकडे होती आणि दाया त्यांच्या विश्वासातले. मे २०१९ मध्ये ड्राग्ना साडेतीन वर्षांच्या शिक्षेवर तुरुंगात गेले. पक्षाच्या कार्यालयात काम करणाऱ्या दोघीजणींना सरकारी खात्यात नोकरी दाखवून पगार दिल्याचं ते प्रकरण. दाया मात्र नोव्हेंबर २०१९ मध्ये सरकार जाईपर्यंत टिकले, आणि २०२२ च्या जुलैत पुन्हा त्याच खुर्चीवर बसले.

लोक हसतात ते त्यांच्या बोलण्यामुळे. मेंढीबद्दल बोलायला लागले की थांबायचे नाहीत. तिची लोकर, तिचं दूध, तिचा सोशिकपणा. भर पत्रकार परिषदेत एखादं स्तोत्र म्हणावं तसं चालायचं. त्यावरून चित्रं निघाली, गाणी जुळवली गेली. मलाही तेव्हा मजा वाटायची, हे कबूल करतो. पण ते मेंढीबद्दलच का बोलत होते, हे मला फार उशिरा कळलं.

रोमानियात कोटीभर मेंढ्या आहेत. डिसेंबर २०१५ मध्ये हजारो मेंढपाळ बुखारेस्टला धडकले होते. शिकारीच्या कायद्यात कळपामागे किती कुत्री ठेवायची यावर बंधन आलं होतं, हिवाळ्यातल्या चराईवरही आलं होतं. कातडी अंगरखे घातलेली ती माणसं संसदेच्या आवारात शिरली. ते दृश्य कुठलाच पक्ष विसरला नाही. पुढच्या वर्षी निवडणूक होती.

आता डुकराकडे येतो, कारण हा धागा खरं तर त्याचा आहे.

इथल्या खेड्यात घरामागे एक-दोन डुकरं असतातच. वसंतात पिल्लू आणायचं, मका आणि घरातलं उरलंसुरलं घालून वाढवायचं आणि २० डिसेंबरला, इग्नातच्या दिवशी, कापायचं. त्या दिवशी शेजारी मदतीला येतात. काम आटोपलं की त्याच मांसाचं पहिलं जेवण सगळ्यांना घालायचं, त्याला 'पोमाना पोर्कुलुई' म्हणतात. पोमाना म्हणजे मेलेल्याच्या नावाने घातलेलं अन्न. डुकराच्या नावाने गाव जेवतं. चरबी, सॉसेज, खारवलेलं मांस यावर म्हाताऱ्या माणसांचा अख्खा हिवाळा निघतो.

आफ्रिकन स्वाइन फीवर हा रोग माणसाला होत नाही. डुकरांना मात्र झाला की बहुतेक सगळी मरतात, आणि तेव्हा त्यावर लसही नव्हती. जुलै २०१७ मध्ये तो उत्तरेकडे सातू मारे जिल्ह्यात सापडला. मंत्री तेव्हा हेच होते. जून २०१८ मध्ये तो तुल्चा जिल्ह्यात, डॅन्यूबच्या त्रिभुज प्रदेशात उगवला. तिथे डुकरं मोकळी हिंडतात, रानडुकरांत मिसळतात, कुणाची किती याची नोंद नसते. तिथून तो ब्रइलात आला. ऑगस्टमध्ये ग्रोपेनिच्या फार्ममध्ये शिरला. देशातला दुसऱ्या क्रमांकाचा फार्म तो. एक लाख चाळीस हजार डुकरं मारावी लागली.

तान्तीची दोन होती. तिच्या डुकरांना काही झालं नव्हतं, चार घरं सोडून एकाकडे रोग निघाला होता. पांढरे पोशाख घातलेली माणसं आली, दारात जंतुनाशकात भिजवलेला गालिचा अंथरला, आणि तासाभरात गोठा रिकामा झाला. ती त्यांना पाणी विचारत होती. माझ्या बायकोने तिला आत नेऊन बसवलं.

त्याच २०१८ च्या जुलैत मंत्रिमहोदय दूरचित्रवाणीवर मेलेली डुकरं जाळण्याचं वर्णन करत होते. तिथलं काम किती अफाट आहे हे सांगताना त्यांनी उपमा दिली ऑश्विट्झची.

एवढं लिहून थांबतो. बाकीचं प्रतिसादांत बोलू.

रानजाई

शेवटचं वाक्य वाचून थांबलेच. ऑश्विट्झ? आणि हे कुठल्या देशात, तर त्या नाझी मृत्युछावणीतून वाचलेले लेखक एली वीझेल ज्या सिगेत गावात जन्मले त्या देशात! १९४४ मध्ये तो भाग हंगेरीकडे होता, तिथूनच त्यांना ऑश्विट्झला नेलं. रोमानियाच्या स्वतःच्या राजवटीनेही कमी केलं नव्हतं. जून १९४१ मध्ये याश शहरात १३ हजारांवर ज्यू मारले गेले. वीझेल यांच्याच अध्यक्षतेखालच्या आयोगाने २००४ मध्ये आकडा दिला: रोमानियात आणि तिच्या ताब्यातल्या प्रदेशांत मिळून २ लाख ८० हजार ते ३ लाख ८० हजार. हे ज्या देशाच्या मंत्र्याला माहीत असायलाच हवं, त्याने डुकरांसाठी ही उपमा द्यावी? पुढे काय झालं?

डॅन्यूबकाठी

रानजाई, इस्रायलच्या दूतावासाने आणि ज्यू संघटनांनी निषेध केला. दायांनी माफी मागितली. मंत्रिपद राहिलं.

मला त्या उपमेचा राग आला, तसं तिच्यामुळे झालेल्या दुसऱ्या गोष्टीचंही वाईट वाटलं. त्यानंतर आठवडाभर सगळ्या वाहिन्यांवर तो एक शब्द चालला. रोग गावागावांत पसरत होता, आणि इथे कुणी विचारत नव्हतं की वर्षभर आधी सातू मारेला इशारा मिळाला असताना त्रिभुज प्रदेशातल्या डुकरांची साधी मोजणीसुद्धा का झाली नाही.

नंदुरबारचा पशुवैद्य

निवृत्त पशुधन अधिकारी आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला होतो. देशातला पहिला बर्ड फ्लू. पोल्ट्रीतल्या लाखो कोंबड्या मारल्या, ते एक वेळ सोपं होतं. मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यातल्या गावांत परसातल्या कोंबड्यांत निघाला, ते काम अवघड.

शेडमध्ये मालकाला हिशेब कळतो. परसात कोंबडीला नाव असतं. एका घरी मुलाने कोंबडी दप्तरात लपवून ठेवली होती. मीच काढली ती. त्याचा चेहरा अजून विसरलो नाही.

तुमच्या तान्तीकडे गेलेल्या माणसांवर राग धरू नका. तीन किलोमीटरच्या आतलं धोक्याचं क्षेत्र आणि दहा किलोमीटरपर्यंत देखरेख, हे नियम शास्त्राला धरून आहेत. हा विषाणू रक्तात, मांसात, खारवलेल्या सॉसेजमध्ये महिनोन्‌महिने टिकतो. एका घरात दया दाखवली तर दहा घरं जातात. फक्त एक विचारतो, भरपाई वेळेवर मिळाली का? लोक रोग लपवतात की कळवतात, ते त्यावर ठरतं. आपल्याकडे हा रोग २०२० मध्ये आसाम-अरुणाचलात आला, तिथेही हाच प्रश्न आहे.

डॅन्यूबकाठी

डॉक्टरसाहेब, तुमचा प्रतिसाद मी तान्तीला रोमानियनमध्ये वाचून दाखवला. दप्तरातली कोंबडी ऐकून ती बराच वेळ काही बोलली नाही. त्या माणसांवर तिचा राग नाहीच. त्यांतला एक जण गावातलाच होता, तो रडत होता असं ती सांगते.

भरपाई मिळाली. पण तुम्ही म्हणता तसंच झालं. पैसे कधी येणार हे कुणी सांगू शकत नव्हतं, तेव्हा पलीकडच्या गल्लीत दोन घरांनी रातोरात डुकरं कापून मांस नातेवाइकांकडे पाठवलं. रोग कुठल्या वाटेने गेला असेल ते तुम्हीच ओळखा.

दायांच्या बाजूची एक गोष्टही सांगायला हवी. पशुआरोग्याचं काम इथे वेगळ्या प्राधिकरणाकडे आहे आणि ते तेव्हा कृषिमंत्र्याच्या हाताखाली नव्हतं, पंतप्रधानांच्या अखत्यारीत होतं. त्यामुळे 'हे माझ्याकडे येत नाही' असं म्हणायला त्यांना जागा होती. कागदावर ते खरंच आहे. पण रोज कॅमेऱ्यासमोर रोगाबद्दल बोलणारा माणूस तेच होते.

काटेसावर

धागा आवडला, पण मला वाटतं तुम्ही एकाच बाजूने बघताय. मी थोडं वाचलंय. याच दायांनी टोमॅटोची योजना आणली ना? हजार चौरस मीटर हरितगृहाला ३,००० युरो थेट अनुदान. आमच्या नारायणगाव पट्ट्यातल्या शेतकऱ्याला हे सांगा, तो पेढे वाटेल. आमच्याकडे टोमॅटो रस्त्यावर ओतायची वेळ येते आणि तिकडे सरकार लावायचे पैसे देतंय. मेंढपाळाला लोकरीमागे पैसे दिले. भाषा गावठी असेल, पण काम शेतकऱ्याचं केलं. शहरातली माणसं गावाकडच्या मंत्र्याला हसतातच.

डॅन्यूबकाठी

काटेसावर, शेवटचं वाक्य अगदी मान्य. त्यांच्या उच्चारांना, हातवाऱ्यांना हसणाऱ्यांत मीही होतो आणि ते चुकलंच.

टोमॅटोची योजना खरी आणि लोकांना आवडलेलीही. २०१७ मध्ये सुरू झाली. अट अशी की हजार चौरस मीटरवर किमान दोन टन टोमॅटो विकल्याचं दाखवायचं, तेही बाजारात देशी माल नसतो त्या महिन्यांत. हिवाळ्यात इथल्या दुकानांत तुर्कस्तानचा, हॉलंडचा टोमॅटो असतो, तो थोडा तरी मागे हटावा हा हेतू. अनेक खेड्यांत नवी प्लास्टिकची घरं उभी राहिली. माझ्या डोळ्यांनी पाहिलीत. आक्षेप असा होता की बाहेरचा माल आपला म्हणून दाखवणारेही निघतात, आणि अनुदान थांबलं की हरितगृहही थांबतं.

पण हजार चौरस मीटर हरितगृह कुणाकडे असतं? २०२० च्या मोजणीत युरोपीय संघात ९१ लाख शेतं होती, त्यांतली २९ लाख एकट्या रोमानियात. म्हणजे जवळपास तिसरा हिस्सा. त्यांतली दहातली नऊ पाच हेक्टरच्या आतली. दुसऱ्या टोकाला ब्रइलाचं मोठं बेट आहे, सुमारे ५७ हजार हेक्टरचं सलग शेत. कम्युनिस्ट काळात राजकीय कैद्यांना राबवून तिथली दलदल बांधून काढली होती. २०१८ मध्ये ते शेत अबू धाबीच्या कंपनीने घेतलं. तान्तीच्या गावातून त्या बाजूची कापणी यंत्रं रात्री दिवे लावून चालताना दिसतात. त्याच उन्हाळ्यात तिचा गोठा रिकामा झाला.

घोंगडीवाला

लोकरीचं नाव निघालं म्हणून लिहितो. आमचं घराणं धनगराचं, सांगोल्याकडचं. आजा घोंगडी विणायचा. दख्खनी मेंढीची लोकर राठ, तिचं घोंगडंच होतं, दुसरं काही नाही. आता घोंगडं कोण घेतं? कातरणीची मजुरी लोकरीच्या भावापेक्षा जास्त, म्हणून कातरून बांधावर टाकून देतात. तिकडं किती देत होते?

डॅन्यूबकाठी

दादा, किलोला १ लेउ. तेव्हाच्या भावाने सोळा-सतरा रुपये. लोकर संकलन केंद्रावर नेऊन विकली तर. इथेही तुमच्यासारखंच, लोकर राठ, घ्यायला कुणी नाही, मेंढपाळ ती जाळत होते किंवा ओढ्यात टाकत होते. १ लेउने कातरणीचा खर्च निघत नाही असं मला एका मेंढपाळाने सांगितलं. तरी तो म्हणाला, कुणीतरी विचारलं तरी.

पण मेंढीचं खरं अर्थकारण लोकरीत नाही, जहाजात आहे. काळ्या समुद्रावर मिदिया नावाचं बंदर आहे, तिथून जिवंत मेंढ्या आखाती देशांत जातात. युरोपातला हा सर्वांत मोठा जिवंत मेंढ्यांचा व्यापार. जुलै २०१९ मध्ये 'अल शुवैख' नावाच्या जहाजावर ७० हजार मेंढ्या चढवल्या जात होत्या, कुवेतसाठी. आखातात त्या महिन्यात काय उष्मा असतो तो आपल्या लोकांना सांगायला नको. युरोपीय आयुक्त व्हितेनिस आन्द्रियुकाइतिस यांनी दायांना पत्र लिहून ही वाहतूक थांबवायला सांगितलं. जहाज गेलं.

मेंढीचं एवढं कौतुक करणारा माणूस तेव्हा तिच्या बाजूने उभा राहिला नाही. मला हे त्या ऑश्विट्झच्या उपमेहून जास्त लागतं. उपमा तोंडातून निसटते. पत्र टेबलावर असतं, त्याच्यावर विचार करायला वेळ असतो.

चारच महिन्यांनी, २४ नोव्हेंबरला, 'क्वीन हिंड' नावाचं जहाज मिदियाहून निघाल्या निघाल्या कलंडलं. १४,६०० मेंढ्या होत्या. वाचल्या १८० च्या आसपास. तोवर दाया पायउतार झाले होते, मंत्री आद्रियान ओरोस होते, त्यामुळे त्या अपघाताचं खापर त्यांच्यावर फोडणं बरोबर नाही. धोरण मात्र तेच चालत आलेलं.

घोंगडीवाला

१४,६०० मेंढ्या. आमच्या अख्ख्या वाड्यावर पाचशे असतील. वाचून पोटात कालवलं.

मेघना क.

भ्रष्टाचाराचं काय? रोमानिया म्हटलं की मला फेब्रुवारी २०१७ मधले ते मोर्चे आठवतात, लाखो लोक थंडीत मोबाइलचे दिवे लावून उभे. दाया त्याच सरकारात होते ना?

डॅन्यूबकाठी

हो मेघनाताई, त्याच. भ्रष्टाचाराची काही प्रकरणं सौम्य करणारा वटहुकूम सरकारने रात्री काढला होता, त्याविरुद्ध ते लोक उतरले होते. शेवटी तो मागे घ्यावा लागला. आम्ही गलात्सच्या चौकात गेलो होतो.

दायांवर मात्र पैसे खाल्ल्याचा खटला नाही, हे स्पष्ट लिहितो, नाहीतर धाग्यातून चुकीचा समज व्हायचा. त्या खात्याचा इतिहास मात्र वाईट आहे. देचेबाल त्रायान रेमेश हे २००७ मधले कृषिमंत्री. आधी १९९८ ते २००० अर्थमंत्री होते. नाव बघा, देचेबाल हा दाकियाचा, म्हणजे इथल्या प्राचीन राज्याचा, शेवटचा राजा आणि त्रायान म्हणजे त्याला हरवणारा रोमन सम्राट. दोघांच्या मीलनातून आपण जन्मलो असं रोमानियन लोक मानतात. ऑक्टोबर २००७ मध्ये सरकारी दूरचित्रवाणीने एक चित्रफीत दाखवली. कंत्राटासाठी मध्यस्थामार्फत १५ हजार युरो आणि सोबत घरगुती सॉसेज व दारू स्वीकारल्याचं ते प्रकरण. मध्यस्थ कोण, तर आधीचे एक कृषिमंत्री, इओआन आव्राम मुरेशान! रेमेशनी लगेच राजीनामा दिला. २०१२ मध्ये दोघांना तीन-तीन वर्षांची शिक्षा झाली. त्या सॉसेजला 'काल्ताबोश' म्हणतात, आणि हा शब्द आजही इथे लाचेसाठी वापरतात. न्यायालयाआधी ती फीत दूरचित्रवाणीवर यायला हवी होती का, यावरही तेव्हा मोठा वाद झाला होता.

आणि जून २०२२ मध्ये आद्रियान केस्नोयू यांनी भ्रष्टाचारविरोधी चौकशीमुळे मंत्रिपद सोडलं, म्हणून तर त्या जागी बहात्तर वर्षांच्या दायांना परत बोलावलं.

याच खात्यातून दाचियान चोलोश यांच्यासारखा माणूसही निघाला. २००७-०८ मध्ये मंत्री, मग पाच वर्षं युरोपचे कृषी आयुक्त, पुढे पंतप्रधान. त्यांच्यावर कधी वेगळा धागा काढीन.

काटेसावर

दुसऱ्या वेळची कारकीर्द कशी झाली? युक्रेनच्या धान्याचा घोळ तेव्हाच होता ना?

डॅन्यूबकाठी

तेव्हाच. २०२२ मध्ये कॉन्स्तान्त्सा बंदरातून युक्रेनचं ८६ लाख टन धान्य बाहेर गेलं. ते जायलाच हवं होतं, युद्धात सापडलेल्या शेजाऱ्याची वाट अडवू नये असं इथल्या शेतकऱ्यांनाही वाटत होतं. पण सगळं धान्य पुढे जात नव्हतं. काही इथेच स्वस्तात उतरत होतं आणि इथल्या गव्हाला, सूर्यफुलाला भाव उरला नाही. युरोपने पहिल्या खेपेला मदत दिली ती पोलंडला २ कोटी ९५ लाख युरो, बल्गेरियाला १ कोटी ६७ लाख आणि रोमानियाला १ कोटी. ७ एप्रिल २०२३ ला शेतकरी ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर आले. आपल्या मंत्र्याने ब्रुसेल्समध्ये आपली बाजू मांडलीच नाही, ही त्यांची तक्रार. पुढच्या दोन आठवड्यांत पोलंड, हंगेरी, स्लोव्हाकिया, बल्गेरिया यांनी आयात बंद केली. रोमानियाने एकतर्फी बंदी घातली नाही.

इथे मी दायांच्या बाजूने आहे. बंदी घालून टाळ्या मिळाल्या असत्या. मे महिन्यात युरोपनेच पाच देशांसाठी गहू, मका, मोहरीवर्गीय बिया आणि सूर्यफूल यांच्यावर निर्बंध आणले, वाहतूक चालू ठेवली, आणि दुसऱ्या खेपेत रोमानियाला जवळजवळ ३ कोटी युरो मिळाले. शांतपणे थांबण्याचा तो फायदा होता. पण शेतकऱ्यांसमोर उभं राहून हे कुणी समजावलं नाही. मेंढीवर तासभर बोलू शकणाऱ्या माणसाला तेव्हा शब्द सापडले नाहीत. जूनमध्ये सरकार बदललं, नवे मंत्री फ्लोरिन बार्बू आले.

रानजाई

एक राहिलं. तान्तीने पुन्हा डुक्कर आणलं का?

डॅन्यूबकाठी

नाही. आता परवानगी आहे, पण नोंदणी, कुंपण, औषध-फवारा हे सगळं तिच्याच्याने होत नाही. इग्नातला ती शेजारणीकडे सॉसेज भरायला जाते, हात अजून चांगला चालतो. गोठ्याचं छप्पर मी काढून दिलं, तिथे ऊन चांगलं येतं. तिने टोमॅटो लावलेत. अनुदानात बसत नाही, जागा चाळीस चौरस मीटरही नाही. गेल्या रविवारी पिशवीभर घेऊन आलो.